वखरलेलं वावर : कॉम्प्युटरची पदवी घ्यायला निघालेल्या भाचीला मामाचे कानमंत्र

लाडक्या भाचीस,

परवा तू ओसरीवर बसून कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरत होतीस. मध्येच थांबून विचारलंस, "मामा, सी.एस.ची डिग्री घेतली म्हंजे माणूस चांगला प्रोग्रामर होतेच का? तुम्ही तं बी.एस्सी. गणितवाले." मी चहा पीत राहिलो आणि तुला वाटलं, मामाजवळ उत्तर नाही. उत्तर होतं, पण एका कपाच्या वेळात सांगून होणारं नव्हतं.

मी १९८६ साली पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला. डीबेस शिकलो, फॉक्सप्रो शिकलो, मग सी. आधी जिनिंगचे हिशोब लिहिले, नंतर पुण्यात पंचवीस वर्षं पदवीवाल्यांसोबत आणि बिनपदवीवाल्यांसोबत एकाच टेबलावर काम केलं. आता नांदगाव खंडेश्वरला येऊन वावर पाहतो. दोन्ही कामांनी मला एकच गोष्ट शिकवली : वखरलेलं वावर आपोआप पीक देत नाही, पण न वखरलेलं वावर पीक घेऊ देत नाही. पदवी म्हणजे वखरणी. पेरणी, डवरणी आणि निंदण ज्याचं त्यानं करायचं.

खाली लिहिलेलं बहुतेक सगळं मी ठेच लागून शिकलो. एका दिवसात सगळं पाळायला जाऊ नको, दमशील. कागद भिंतीला चिकटव आणि रोज एक वाच.

फॉर्म भरण्याआधी

१. कॉलेजच्या नावाआधी विषयांची यादी वाच — ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि चार वर्षं तुला संसार विषयांशी करायचा आहे, पाटीशी नाही.

२. सी.एस. की आय.टी. की ए.आय., यावरून घरात भांडण लावू नको — पहिल्या दोन वर्षांचे विषय बरेचसे तेच असतात. पाट्या वेगळ्या, पीठ एकाच गिरणीचं.

३. जवळचं कॉलेज हलकं समजू नको — अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभं आहे, बडनेऱ्याचं राम मेघे आणि शेगावचं गजानन महाराज कॉलेज १९८३ पासून. घराजवळ राहिल्यानं वाचलेला पैसा आणि वाचलेला वेळ दोन्ही सरावाला लागतात.

४. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेव — ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारनं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं आहे. एका कागदापायी ही सवलत हुकली, तर तुझ्या बाबांना ते पैसे कपाशीतून काढावे लागतील.

५. मैत्रिणीचा बी.सी.ए.चा विचार असेल तर तिला सांग, सीईटीचा फॉर्म चुकवू नको — २०२४ पासून त्यालाही सीईटी सुरू झाली आहे, आणि 'बी.सी.ए.ला काय लागते?' म्हणत बसणाऱ्यांची तारीख निघून जाते.

६. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलेला फलक वाचलास की तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन पोरींना गाठून बोल — फलक कॉलेज लावतं, खरं काय ते पोरी सांगतात. सावली मोजून झाड विकत घेऊ नये.

७. वावर गहाण टाकून कुठला महागडा कोर्स करू नको — आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्ससारखे विषय मराठीतूनही ऐकता येतात.

८. पण पदवी पदरात पडत असेल तर ती सोडूही नको — बऱ्याच कंपन्यांची पहिली चाळणी पदवीचीच असते, आणि पुढे एम.टेक. किंवा परदेशात शिकायचं मनात आलं तर हाच कागद लागतो.

९. घरच्यांना 'डिग्री म्हणजे नोकरी' असा शब्द देऊ नको — तो शब्द खरा नाही, आणि खोटा ठरला की तुझ्याआधी तुझी आई खचेल. किल्लीनं कुलूप उघडतं, घर मात्र आपल्यालाच झाडावं लागतं.

आधीच्या माणसांकडे पाहून

१०. पदवीचं नाव आणि आयुष्यातलं काम एकच असलं पाहिजे असं धरून बसू नको — आपल्याच तालुक्यातल्या पापळला १८९८ साली जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी विलायतेत वेदवाङ्मयावर डॉक्टरेट केली, आणि काम केलं शेतीचं अन् शिक्षणाचं. ते देशाचे कृषिमंत्री झाले, अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं आहे.

११. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर ध्यानात ठेव — त्यांनी १९६५ साली नागपुरात अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा संगणकाची वेगळी शाखा बहुतेक कॉलेजांत नव्हतीच. पुढे अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला.

१२. भटकरांची गोष्ट अर्धीच सांगणाऱ्यापासून सावध राहा — शाखेचं नाव संगणक नव्हतं हे खरं, पण नागपूर, बडोदा आणि दिल्ली अशा तीन ठिकाणच्या पदव्यांचा पाया खाली होता.

१३. सी भाषा घडवणारे डेनिस रिची भौतिकशास्त्र शिकलेले आणि १९५२ साली कंपायलरचं पहिलं काम करणाऱ्या ग्रेस हॉपर गणितात डॉक्टरेट केलेल्या, हे वाचून हुरळू नको — हॉपरबाईंच्या वेळी हा विषय शिकवणारं कोणी नव्हतंच, अमेरिकेतला पहिला संगणकशास्त्र विभाग परड्यू विद्यापीठात १९६२ साली निघाला. त्यांनी गणिताची शिस्त सोबत आणली होती, रिकाम्या हातानं कोणी आलं नव्हतं.

१४. लिनस टोरवाल्ड्सचं उदाहरण दे, पण पूर्ण दे — १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात संगणकशास्त्रच शिकत होता, आणि टॅनेनबॉम यांचं ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक त्यानं मन लावून वाचलं होतं. वाट पुस्तकानं दाखवली, रात्री त्यानं जागवल्या.

कॉलेजात असताना

१५. डेटा स्ट्रक्चर पाठ करू नको, हातानं कर — माझा एक प्रोग्राम १ लाख नावांची एक यादी दुसऱ्या तेवढ्याच यादीशी ताडायचा, प्रत्येक नाव प्रत्येकाशी, म्हणजे १,००० कोटी तुलना, आणि मशीन रात्रभर चालायचं. सहा महिन्यांपूर्वी पदवी घेतलेल्या एका पोरानं दुसरी यादी हॅश टेबलात भरली आणि माझा चहा निवायच्या आत काम उरकलं. पदवीत काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

१६. क्रमानं लावलेल्या यादीत मधून शोधायची रीत अंगवळणी पाड — २ चा विसावा घात १०,४८,५७६ होतो, म्हणून १० लाख नावांतलं एक नाव फार तर २० वेळा पाहून सापडतं. एवढं एक गणित नीट कळलं तरी वर्षाची फी वसूल.

१७. पण पुस्तकात छापलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नको — याच रीतीच्या जावामधल्या तयार कोडमध्ये खालचा आणि वरचा क्रमांक मिळवताना बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की गोंधळ व्हायचा, आणि ही चूक सुमारे नऊ वर्षं तशीच राहून २००६ साली जाहीर झाली. शिकल्यासवरल्या हजारो लोकांच्या डोळ्यांखालून ती गेली होती.

१८. डीबीएमएसमधलं ट्रान्झॅक्शन नीट समजून घे — एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत लाइट गेली, तर मधले पैसे कोणाचे? आपल्याकडे लाइट जाते, म्हणून हा प्रश्न आपल्याला पुस्तकाआधी कळायला हवा.

१९. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हे 'रटाळ' म्हणून ढकलू नको — प्रोग्राम मंद चालला की दोष मेमरीचा, डिस्कचा की तारेचा, हे ओळखणारा माणूस दहा जणांच्या ऑफिसात एखादाच असतो.

२०. डिस्क्रीट मॅथ्सचा तास बुडवू नको — 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांच्या घोळातून होणाऱ्या चुका मी जेवढ्या दुरुस्त केल्या, तेवढ्या दुसऱ्या कशातूनच झालेल्या पाहिल्या नाहीत.

२१. प्रॅक्टिकलची फाईल मैत्रिणीची पाहून उतरवू नको — उत्तर उतरवता येतं, चूक उतरवता येत नाही, आणि शिकवते ती चूक. पाहून लिहिलेलं पेपरापुरतं, हातानं केलेलं जन्मापुरतं.

२२. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत आणू नको, कितीही स्वस्त मिळो — मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो, आणि दुसऱ्याच्या लेकराचं बारसं आपल्याला सांगता येत नाही.

२३. एखादा विषय राहिला तर त्याच संध्याकाळी घरी सांग — राहिलेला विषय सहा महिन्यांत निघतो, लपवलेला विषय मनातून वर्षानुवर्षं निघत नाही.

२४. शिकवणाऱ्या सरांना, मॅडमना तासानंतर एक तरी प्रश्न विचार — वर्गात साठ-सत्तर पोरं असतात, तुला काय अडलंय ते त्यांना तुझ्या चेहऱ्यावरून कळणार नाही. विचारणाऱ्या पोरीवर राग धरणारा शिक्षक मला क्वचितच भेटला.

कॉलेज मिळालं नाही, तर

२५. विषयांची तीच यादी समोर ठेव आणि एकही गाळू नको — एकट्यानं शिकणारा माणूस गोड लागणारं आधी खातो आणि पालेभाजी ताटात ठेवतो. मी अल्गोरिदम पंधरा वर्षं ताटात ठेवले, त्याची किंमत पंधराव्या कलमात वाचलीस.

२६. तुझं कोड वाचून चुका दाखवणारा एक माणूस धरून ठेव — स्वतःच्या वावरातलं तणही स्वतःला हिरवं पीक दिसतं.

२७. काम करता करता पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ विचारात घे — ते १९८९ मध्ये अशाच लोकांसाठी सुरू झालं, ज्यांना दिवसा पोट भरायचं असतं आणि रात्री शिकायचं असतं.

२८. बारावीनंतर घेऊन शिकवणाऱ्या कंपन्याही आहेत, एचसीएलची टेकबी योजना किंवा तमिळनाडूतली झोहोची शाळा, त्यांची चौकशी कर — पण सही करण्याआधी किती वर्षं बांधून घेतात आणि मध्येच सोडलं तर काय भरावं लागतं, हे घरातल्या दोघांसमोर मोठ्यानं वाच.

२९. व्हिडिओ पाहून झाला म्हणजे शिकून झालं असं समजू नको, दर पाच मिनिटांनी थांबव आणि स्वतः टाइप कर — डवरणी पाहून कोणाच्या वावरातलं तण निघालेलं नाही.

३०. 'माझा पाया कच्चा आहे' हे लपवू नको, वहीत लिहून काढ — लिहिलं की यादी होते, आणि यादी झाली की एकेक ओळ खोडता येते.

रोजच्या सवयी

३१. एरर आली की स्क्रीन बंद करू नको, शेवटच्या ओळीपर्यंत वाच — पायथनमध्ये तर खरं कारण बहुधा शेवटच्याच ओळीत असतं, आणि नवी पोरं पहिली ओळ पाहूनच घाबरतात.

३२. व्हेरिएबलला 'ए', 'बी', 'टेम्प २' अशी नावं देऊ नको, त्यात काय आहे ते नावात लिही — सहा महिन्यांनी ते वाचणारी तूच असशील. तिफन सरळ चालली की डवऱ्याला त्रास होत नाही.

३३. रुपयांचा हिशोब दशांशात नको, पूर्ण पैशांच्या आकड्यात ठेव — मशीनला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांग, ते ०.३०००००००००००००००४ म्हणेल, कारण ते दोनाच्या पाढ्यात मोजतं आणि ०.१ त्याला नेमका लिहिता येत नाही. एका जिनिंगच्या हंगामात माझी बेरीज रोकडीशी पैशापैशानं जुळेना, आणि म्हातारे मुनीमजी माझ्या चुकीपायी रात्री अकरापर्यंत वह्या चाळत बसले. त्यांचा तो चष्मा पुसणारा हात मला अजून दिसतो.

३४. मोठं माप लहान पायलीत ओतण्याआधी बघ — ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट उडाल्यावर मिनिटभराच्या आत फुटलं, कारण ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत कोंबली गेली. रॉकेटचा प्रोग्राम लिहिणारे अडाणी नव्हते, जुनं चालणारं कोड नव्या जागी तसंच चालेल असं धरून चालले होते.

३५. गिट पहिल्या महिन्यातच शीक आणि रोज संध्याकाळी कमिट कर — काल चालत होतं आणि आज चालत नाही, तेव्हा मधे काय बदललं ते हेच सांगतं.

३६. कामाची एक प्रत घरात ठेव, एक घराबाहेर — माझ्या फ्लॉप्यांना एका पावसाळ्यात बुरशी आली आणि वर्षभराचं काम गेलं. दोन्ही प्रती एकाच कपाटात होत्या.

३७. 'डिलीट' चालवण्याआधी त्याच अटीचं 'सिलेक्ट' चालव आणि किती ओळी येतात ते मोज — दहा यायला हव्यात आणि दहा हजार आल्या, तर तुझी अट चुकली आहे, आणि अजून काहीच बिघडलेलं नाही.

३८. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही — १९४७ साली हार्वर्डच्या मार्क २ संगणकात रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला, तर त्या लोकांनी तो नोंदवहीत तारखेसह चिकटवून ठेवला. नोंद ठेवणाऱ्याला तीच चूक दुसऱ्यांदा शोधावी लागत नाही.

३९. नवीन काही जोडण्याआधी आहे ते झाड — अमरावती विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. स्वतः शाळा शिकले नव्हते, तरी लोकांना जन्मभर सांगत राहिले की लेकरांना शिकवा. पदवी नसलेला मोठा होऊ शकतो आणि तरीही शिक्षणाची बाजू घेऊ शकतो, हे त्यांच्याकडून घे.

४०. एआयकडून कोड लिहून घेतलंस तर प्रत्येक ओळ तुला समजावून सांगता आली पाहिजे, नाहीतर ती ओळ ठेवू नको — लिहिणं आता स्वस्त झालं आहे, म्हणून चूक ओळखणं महाग झालं आहे. ती ओळखायला पंधरा ते वीस या कलमांतलंच ज्ञान लागतं.

४१. रात्री बारानंतर चालू डेटाला हात लावू नको — झोपेत केलेली दुरुस्ती सकाळी दुप्पट निस्तरावी लागते. एका रात्रीचं जागरण, आठ दिवसांचं निंदण.

आपली भाषा, आपली माणसं

४२. मराठी मजकूर साठवताना जागा मोजून ठेव — 'नांदगाव' डोळ्यांना चार अक्षरं दिसतं, युनिकोडमध्ये ती सात चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइट लागतात. इंग्रजी नावांवर चाचणी घेतलेला प्रोग्राम आपल्या गावाचं नावच अर्धं कापतो.

४३. 'ॲड.' शोधताना सापडत नसेल तर घाबरू नको, तो 'ॲ' कसा टाइप केलाय ते पाहा — कोणी तो एका चिन्हानं लिहितं, कोणी 'अ'वर वेगळी चंद्रकोर ठेवतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे, म्हणून ताडण्याआधी सगळे एका रूपात आण.

४४. माणसाचं नाव ही त्याची ओळख धरू नको, स्वतंत्र क्रमांक दे — एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचंही तेच नाव असलेले दोन कास्तकार सापडतात, आणि जुन्या माणसांच्या जन्मतारखा शाळेत घालताना बऱ्याचदा सरसकट एकाच दिवसाच्या लावलेल्या असतात. कॉलेजात प्रायमरी की शिकशील, ती का लागते हे गावच्या यादीत कळेल.

४५. गट नंबरवरही विसंबू नको — एका गटात चार भावांचे हिस्से असतात आणि एका भावाचे तीन गटांत तुकडे. पुण्यात वाढलेला माझा एक हुशार सहकारी इथेच अडकला होता, त्याला वाटेहिस्स्याचा सातबारा दाखवला तेव्हा त्यानं अख्खा तक्ता नव्यानं मांडला.

४६. प्रोग्राम वापरणारा माणूस जिथे उभा असतो तिथे जाऊन तो चालवून बघ — ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, ती कास्तकार स्वतः धुऱ्यावर उभा राहून करतो. तिथे ऊन स्क्रीनवर असतं, रेंज जाते-येते, आणि बोटाला माती असते. पंख्याखाली बसून हे कोणाला सुचत नाही.

४७. कोणाचंही काम संगणकावर आणण्याआधी एक पूर्ण दिवस त्याच्या शेजारी बस आणि बोलू नको — काट्यावरचा माणूस वजन सांगतो, पण भिजल्या कापसाची घट तो तोंडीच धरतो. ते कुठल्या फॉर्मवर छापलेलं नसतं.

नोकरीत, माणसांत

४८. पदवी असेल तर नसलेल्याला कमी लेखू नको, नसेल तर असलेल्याला 'पुस्तकी' म्हणू नको — मला हॅश टेबल पदवीवाल्यानं शिकवलं आणि त्याच पोराला मी मुनीमजींसारख्या माणसांच्या शेजारी बसायला शिकवलं. दोघांचंही काम त्यानंतर सुधारलं.

४९. 'मला माहीत नाही, उद्यापर्यंत बघून सांगते' हे वाक्य पाठ कर — पाठ करायच्या लायकीचं हे एकच आहे. अंदाजे दिलेलं उत्तर तीन माणसांचे तीन दिवस खातं.

५०. तुझं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, ती जागा दोघांनी मिळून तपासा — दोन धुऱ्यांमधलं तण कोणाचंच नसतं, आणि तिथूनच ते दोन्ही वावरांत शिरतं.

५१. पहिला पगार किती यापेक्षा पहिल्या वर्षी कोणाच्या हाताखाली आहेस ते पाहा — चांगलं कोड वाचायची आणि आपलं दुसऱ्याकडून तपासून घ्यायची सवय तिथेच लागते किंवा तिथेच सुटते.

५२. दरवर्षी उन्हाळ्यात एक विषय नव्यानं उघड — मृगाआधी वावर वखरतात तसं. पदवी ही पहिली वखरणी, दरवर्षीची आपली आपण करायची असते.

आता शेवटचं. फॉर्म भरून झाला की कॉलेज सुरू व्हायची वाट पाहत बसू नको. तुझ्या आजीच्या बचत गटाचा हिशोब लिहायला घे : बारा बाया, दर महिन्याची बचत, कर्ज, व्याज, एवढंच. पायथन चालेल, जे येतं ते चालेल. रविवारी घेऊन ये. मी त्यात एकाच नावाच्या दोन बाया टाकीन, एकीची रक्कम उणे देईन, आणि एकीचं नाव 'ॲ'पासून सुरू होणारं ठेवीन. तुझा प्रोग्राम तीनदा तरी अडखळेल. अडखळू दे.

येताना विद्यापीठाची ती विषययादी छापून आण. जिथे जिथे तो अडखळेल, तिथे यादीतल्या कोणत्या विषयात त्याचं उत्तर आहे, ते आपण पेन्सिलीनं समोर लिहू. काही ठेचांसमोर विषयाचं नाव येईल, काहींसमोर आजीचं. ते कागद जपून ठेव आणि पहिल्या तासाला सोबत ने.

तुझा मामा,
नांदगाव खंडेश्वर